२ लाख ३८ हजार झालेली डिझेल ठेवावी का काढावी? नवी घ्यायची तर ती दुरुस्त कोण करणार?

सेलूकर

राम राम मंडळी. दोन-तीन वर्षं नुसता वाचत होतो, आज अडलंय म्हणून लिहायलो. मोठं झालंय, चहा घेऊन बसा.

माझ्याकडं २०१२ ची डिझेल हॅचबॅक आहे. तेच १.३ लिटरचं इंजिन, जे त्या काळात चार-पाच कंपन्या आपापलं नाव चिटकवून विकायच्या. एमएच-२२ पासिंग, पहिला मालक मीच, घड्याळात २ लाख ३८ हजार. सेलू-परभणी रोजचं, महिन्यातून दोनदा जालना, वर्षातून एकदा तुळजापूर आणि पोरीला पुण्याला सोडायला-आणायला. एवढ्या वर्षांत रस्त्यात उभी राहिली ती एकदाच, मंठ्याच्या अलीकडं क्लच प्लेट गेली तेव्हा.

आता त्रास असा की सकाळी एका सेल्फला सुरू होते, पण गरम गाडी बंद करून कुठं चहाला थांबलो की परत सुरू व्हायला चार-पाच सेल्फ खाते. चढाला काळा धूर सोडते. अ‍ॅव्हरेज २१ वरून १६ वर आलं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली (नाव कशाला घ्यायचं, रोज तोंड बघायचंय) तर त्यांनी हातात कागद दिला. चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारतात ते) नवे, टर्बो (इंजिनात हवा कोंबणारा) नवा, क्लच सेट, इंजिनची माउंटिंग, सगळं मिळून १ लाख ४२ हजार. आणि त्याच माणसानं पाण्याचा ग्लास देता देता हळूच म्हणलं, सर त्यापेक्षा एक्सचेंजला टाका, ९० हजार धरून देतो. म्हणजे औषध म्हशीपेक्षा महाग.

घरात दोन पार्ट्या पडल्यात. चिरंजीव म्हणायलेत १.० टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिक घ्या, ११ लाखात येते. सौ. म्हणतात चालतीय तोवर चालवा. मला स्वतःला नव्या गाडीची भीती वाटायलीय, खोटं कशाला बोलू. मेव्हण्याच्या तीन वर्षांच्या गाडीचा स्क्रीन काळा पडला, एसीची बटणं त्या स्क्रीनमध्येच, मे महिना, ११ दिवस पार्ट नाही. काचा खाली करून घाम पुसत फिरला बिचारा, १४ लाखाच्या गाडीत.

तर विचारायचं एवढंच की आताच्या गाड्या खरंच कमी टिकतात, का आपल्यालाच तसं वाटतं? आणि माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?

काळीपिवळी

सर काढू नका. आमच्या वडलांची जीप होती जिंतूर लाइनला, आत १४ माणसं, टपावर पोती, मागं लटकलेले वेगळे. पाटा तुटला तर बाभळीचं लाकूड दोरीनं बांधून घरी आणायचे, फॅन बेल्ट तुटला तर काही ना काही बांधून गाव गाठायचे. आताच्या गाड्या निस्त्या प्लास्टिकच्या, कोपर लागलं तर बंपर निघून येतो, जुनं ते सोनं.

लेथवाला

काळीपिवळी भौ, वडलांच्या जीपचं हाफ इंजिन (उघडून पिस्टन-रिंगचं काम) किती वेळा झालं तेवढं सांगा की.

काळीपिवळी

तीन वेळा. चौथ्यांदा विकली, हाहा.

लेथवाला

हेच म्हणायलो. मी परभणीत गॅरेज चालवतो, त्याआधी वडलांची लेथ होती म्हणून हे नाव. लहानपणी आमच्याकडं लाइन लागायची बोअर करायला. लाख किलोमीटरच्या आत-बाहेर इंजिन उघडायचंच, बोअर वाढवायचा, ओव्हरसाइज पिस्टन टाकायचं, व्हॉल्व घासायचे, हेड प्लेन करायचं. पद्मिनीसारख्या गाड्यांच्या घड्याळात आकडेच पाच होते, ९९,९९९ च्या पुढं परत शून्य. आणि लोक म्हणतात जुन्या गाड्या टिकायच्या. त्या टिकत नव्हत्या, त्या दुरुस्त व्हायच्या. दोन्हीत फरक आहे.

आता उलटं झालंय. इंजिनचा खालचा भाग, म्हणजे क्रँक, पिस्टन, ब्लॉक, ऑइल वेळेवर असेल तर दोन-अडीच लाख सहज जातो. मागच्या वर्षभरात माझ्याकडं बोअरला किती इंजिनं आली म्हणता? दोन. दोन्ही ऑइल नसताना पळवलेली. पण त्याच वर्षात अल्टरनेटर, हेडलाइट, स्टिअरिंगची मोटर, एबीएसचं (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारं) मॉड्युल, वायपर मोटर, सेन्सर यांची तर मोजदादच नाही. पूर्वी अल्टरनेटर आला की कार्बन आणि बेअरिंग बदलून हातात द्यायचो, पाचशे रुपये. आता काही गाड्यांना आतला पार्ट सुटा मिळतच नाही, पूर्ण असेंब्ली घ्या. हेडलाइटचा बल्ब दीडशेला यायचा, एलईडीची डीआरएल (दिवसा लागणारी पट्टी) गेली तर दिवाच्या दिवा बदला, १८ हजार, २५ हजार. व्हील बेअरिंगच्या जागी अख्खा हब येतो. गिअरबॉक्सवर लिहितात 'लाइफटाइम ऑइल', आता लाइफ कुणाचं ते विचारायचं नाही.

सर, आता तुमच्या गाडीचं. गरम असताना सुरू होत नाही, थंड असताना होते, हे लक्षण तुम्ही बरोब्बर लिहिलंय. इंजेक्टर आतून झिजला की डिझेल रिटर्नला जास्त सोडतो, गरम डिझेल पातळ असतं, मग सेल्फ मारताना रेलमध्ये (चारी इंजेक्टरला डिझेल देणाऱ्या सामाईक नळीत) दाब भरत नाही. कॉमन रेलचा कारभार १६०० बारचा आहे, थोडी गळती झाली तरी ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजिन पेटूच देत नाही. याची टेस्ट १० मिनिटांची आहे. रिटर्नच्या चारी नळ्या काढून चार बाटल्या लावायच्या, इंजिन चालू ठेवायचं, कुणाची बाटली आधी भरते ते बघायचं. जी भरते तो चोर. चारी बदलायची गरज नसती शक्यतो.

आणि टर्बो का बदलायला सांगितला ते मला कळलं नाही. टर्बो गेला असता तर निळा धूर, ऑइल कमी, शिट्टीचा आवाज. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा, रबरी पाइप फाटलाय का बघा, आपल्या उन्हात तो चिरतोच. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व) काजळीनं भरला असेल. टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून शाफ्ट बोटानं हलवून बघितल्याशिवाय कुणी टर्बो म्हणलं तर मी तर गाडीची चावी परत मागतो.

शेंद्रा_बी_शिफ्ट

लेथवाल्यांशी सहमत, आणि जिथं बनते तिथली एक बाजू सांगतो. मी शेंद्र्याला एका कार प्लांटमध्ये नऊ वर्षं काढली (आपल्याकडं २००१ पासून कार बनतात तिथं, बऱ्याच लोकांना वाळूजच्या बजाजच्या पुढं काही माहीतच नसतं). बॉडी वेल्ड झाली की पूर्णच्या पूर्ण रंगाच्या हौदात बुडवतात, विजेच्या साहाय्यानं प्रायमर कानाकोपऱ्यात बसतो. म्हणून आता दरवाजाच्या खाली गंजाची भोकं दिसत नाहीत. नव्वदच्या दशकातल्या गाड्यांना सहा-सात वर्षांत दिसायची. आपल्याकडची हवा कोरडी, तेही पथ्यावर पडतं, कोकणातली सेकंड हॅन्ड घेताना लोक खालून टॉर्च मारतात ते उगीच नाही. आपल्याकडं गंज खात नाही, ऊन खातं. डॅशबोर्ड, रबर, बुश, वायपर, दरवाज्याचे बीडिंग.

म्हणजे पत्रा २० वर्षांचा आणि त्यात बसवलेली चिप-स्क्रीन मोबाइलच्या वयाची. गाडीचा जीव आता पत्र्यात नाही की इंजिनात नाही. कंपनी तो स्क्रीन, ते मॉड्युल किती वर्षं पुरवते त्यावर गाडीचं वय ठरतं.

बाटलीतलं_बोअर

मध्येच घुसतो, सॉरी. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालणारे इथं किती जण आहेत हात वर करा.

काळीपिवळी

(हात वर)

लेथवाला

हा वेगळा धागा होईल. आपल्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे पातळ चुना. बादली वाळली की पांढरी होते तेच रेडिएटरच्या नळ्यांत होतं, मग उन्हाळ्यात ४२-४३ डिग्रीत हेड गॅस्केट उडतं आणि नाव पडतं कंपनीचं. हेड आता अ‍ॅल्युमिनियमचं, एकदा तापलं की वाकडं. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, वर्षाचा खर्च हजार रुपये नाही. हे बोलून बोलून माझं तोंड दुखलं.

अंबाजोगाईची_लेक

सगळ्या दादा-काका लोकांना नमस्कार. एक वेगळं बोलते, राग मानू नका.

मी अंबाजोगाई-लातूर रोज करते, नोकरीसाठी, बऱ्याचदा परतताना रात्रीचे साडेआठ-नऊ होतात. तुम्ही सगळे 'रस्त्यात बोनेट उघडून दुरुस्त करता आली पाहिजे' याचं जे कौतुक करताय ना, त्यात मला काडीचा रस नाही. मला गाडी रस्त्यात बंदच पडायला नको आहे. बाभळीचं लाकूड बांधून गाव गाठणं ही गोष्ट सांगायला मस्त आहे, रेणापूरच्या पुढं अंधारात एकटीनं उभं राहायला नाही. पाच वर्षांत माझी नवी गाडी एकदाही बंद पडली नाही. एकदा टायर बसला, हेल्पलाइनला फोन लावला, सव्वा तासात माणूस आला. सव्वा तास जास्तच झाला, पण आला.

आणि सेलूकर सर, तुम्ही इंजेक्टर-टर्बोचा हिशोब घातलात, पण २०१२ च्या गाडीत एअरबॅग आहेत का? एबीएस आहे का? एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं २०१९ ला, पुढच्या दोन्ही एअरबॅग २०२२ पासून. त्याआधीच्या खालच्या मॉडेलमध्ये काहीच नसायचं. तुमची पोरगी पुण्याहून येताना त्याच गाडीत बसते. दुरुस्त होणारी गाडी चांगली हे मान्य, पण आतली माणसं दुरुस्त होत नाहीत.

सेलूकर

ताई, वरचं मॉडेल घेतलं होतं तेव्हा, दोन एअरबॅग आणि एबीएस आहे. पण मुद्दा बरोबर आहे, हा विचार मी केला नव्हता हे कबूल.

गोदाकाठ

नांदेडहून. बँकेत आहे म्हणून मला फक्त आकडे दिसतात, माफी असावी.

११ लाखाची गाडी, दोन लाख भरले, नऊ लाखाचं कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं. हप्ता १८,६८३. पाच वर्षांत व्याजच सव्वादोन लाखाच्या आसपास. आता तुमच्या जुन्या गाडीवर महिन्याला १८ हजार खर्च करून दाखवा बरं. वर्षाला सव्वादोन लाख होतात, एवढ्यात दरवर्षी सगळे इंजेक्टर, टर्बो, क्लच बदलून वर तिरुपतीला जाऊन याल. 'दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त' हे वाक्य लोकांना घाबरवतं, पण तुलना गाडीच्या किमतीशी नाही करायची, नव्या गाडीच्या हप्त्याशी करायची. ९० हजाराची गाडी विकून ९० हजारात तुम्हाला तशी दुसरी गाडी, जिची कुंडली तुम्हाला माहीत आहे अशी, कोण देणार?

हां, २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झालाय (चार मीटरच्या आतली, पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत), म्हणून नवी आधीपेक्षा स्वस्त आहे हे खरं. पण स्वस्त आहे म्हणून घ्यायची का गरज आहे म्हणून?

२०१२ ची आहे म्हणजे २०२७ ला १५ वर्षं होतील. १५ वर्षांनी गाडी भंगारात जाते असं गावात सगळे सांगतात. ते दिल्लीचं आहे, तिथं डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची बंदी एनजीटी (हरित लवाद) आणि सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं आली होती. आपल्याकडं आरटीओत गाडी दाखवून आरसी पाच वर्षं वाढवून मिळते. कारची फी ५,००० आहे २०२२ पासून, वर पर्यावरण कर वेगळा. फिटनेस मात्र पास झाली पाहिजे.

मोंढा_नाका

दिल्लीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, तिकडच्या ८-९ वर्षांच्या डिझेल मोठ्या गाड्या आपल्याकडं निम्म्या भावात येऊन पडायल्यात. बघायला चकाचक. घेण्याआधी एनओसी, इथला रोड टॅक्स आणि पासिंगचा खर्च धरा, आणि मीटर किती मागं फिरवलंय ते देवाला माहीत. आमच्या भावकीतल्या एकानं घेतली, इसार दिला, नंतर कळलं की कर्जाचा बोजाच उतरलेला नाही. आठ महिने गाडी वाड्यात उभी. कोंबड्या बसतात तिच्यावर.

दोन_ट्रिपा_रोज

सर डिझेलच घ्यायची असेल नवी तर एक ऐका. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, त्या डिझेलला सायलेन्सरमध्ये डीपीएफ असतो. काजळी अडवून ठेवतो आणि मग सहाशेएक डिग्रीला जाळून टाकतो, पण त्यासाठी गाडी १५-२० मिनिटं सलग एका वेगानं पळायला लागते. माझं काय व्हायचं, घर ते शाळा ६ किमी, शाळा ते शेत ४ किमी, परत घर. जाळायला सुरुवात झाली की मी चावी बंद. असं दहावेळा झालं, मग दिवा लागला, मग गाडीनं ताकद सोडली, बैलगाडीसारखी चालायला लागली. वर ऑइलची पातळी आपोआप वाढली, मला वाटलं मिस्त्रीनं जास्त घातलं, तर ते न जळालेलं डिझेल ऑइलमध्ये उतरत होतं. कुणी सांगत नाही हो विकताना. विकणारा विचारतो रंग कोणता पाहिजे.

आता रविवारी मुद्दाम समृद्धीवर चढतो, जालन्यापासून पुढं अर्धा तास जाऊन परत येतो. बायको म्हणते लोक कुत्रं फिरवतात, तुम्ही गाडी फिरवा.

लेथवाला

हाहा, वैनी बरोबर बोलल्या. यात अजून एक, डीपीएफच्या गाडीला ऑइल वेगळं लागतं, कमी राखेचं. सुट्टं ऑइल किंवा ट्रॅक्टरचं उरलेलं घातलं की त्याची राख डीपीएफमध्ये बसते, ती जळत नाही, कायमची. महिन्याला ज्याचं रनिंग दीड-दोन हजार आणि तेही हायवेचं, त्यानंच डिझेल घ्यावी. बाकीच्यांनी साधं पेट्रोल.

उसाचा_फड

साधं पेट्रोल राहिलंय कुठं आता, २० टक्के इथेनॉल आहे त्यात. माझी २०१० ची पेट्रोल आहे, अ‍ॅव्हरेज पडलं.

गोदाकाठ

आणि ऊस कुणी लावला? हाहा.

उसाचा_फड

आम्हीच. आमच्याच कारखान्याचं इथेनॉल आमच्याच गाडीचं रबर खातंय, तक्रार कुणाकडं करायची.

शेंद्रा_बी_शिफ्ट

गमतीचा भाग सोडला तर, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळं थोडं अ‍ॅव्हरेज पडणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलेलं आहे की जुन्या बनावटीच्या चारचाकीला ६-७ टक्के आणि ई-१० (१० टक्के इथेनॉल) साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्याला १-२ टक्के घट. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचं रबर-प्लास्टिक ई-२० ला चालेल असं आहे. आधीच्या गाडीला इंधनाच्या नळ्या आणि सील बघत राहा, टाकी महिना-महिना अर्धी रिकामी ठेवून गाडी उभी करू नका, इथेनॉल ओल ओढतं. इंजिन एका रात्रीत संपतं वगैरे फॉरवर्डवर विश्वास ठेवू नका.

सीनाकाठ

भूम-परंड्याकडचा आहे. टिकाऊपणाची खरी परीक्षा आम्ही २०२५ च्या सप्टेंबरात बघितली. आमच्या गल्लीत सीटपर्यंत पाणी होतं. तीन गाड्या एकाच ठिकाणी बुडाल्या, एक जुनी पिकअप, माझी सात वर्षांची पेट्रोल आणि शेजाऱ्याची दोन वर्षांची सगळ्या फीचरची. पिकअपवाल्यानं गाळ काढला, ऑइल-फिल्टर बदललं, डिझेलची टाकी धुतली, स्टार्टर खोलून वाळवला, आठव्या दिवशी चाऱ्याच्या खेपा मारायला लागला. माझी दीड महिन्यात ५२ हजारात उभी राहिली. शेजाऱ्याची परत आलीच नाही. नव्या गाडीचं वायरिंग सगळं कार्पेटच्या खालून जातं, मॉड्युल सीटखाली, एअरबॅगचं, बॉडीचं. इस्टिमेट आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेलं की विमावाले टोटल लॉस धरतात, तसंच झालं. त्याला पैसे मिळाले म्हणा, पण गाडी दिसायला ठणठणीत होती हो, एक ओरखडा नाही. टोचन लावून नेताना वाईट वाटलं.

एकच सांगणं, पाण्यातून काढलेली गाडी सुरू करून बघू नका. सेल्फ मारला, इंजिनात पाणी असलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत विमावाले मग तुमचीच चूक म्हणतात. इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कव्हर असतं, नदीकाठच्यांनी घ्या.

अनाथ_गाडीमालक

माझ्याकडं जी गाडी आहे तिची कंपनीच देश सोडून गेली. नाव न घेताही कळेल, शेवरले २०१७ ला विक्री बंद करून गेली, फोर्डनं २०२१ ला इथलं उत्पादन बंद केलं, फियाटही थांबली, त्यातलीच एक. गंमत म्हणजे गाडी मस्त चालते. ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचं सामान बाहेर भरपूर मिळतं, कारण ते बनवणारे वेगळेच आणि ते इथंच आहेत. अडतं कुठं तर दरवाज्याचं हँडल, काच वर-खाली करायचं बटण, मागचा दिवा. इंजिन धावतंय आणि दरवाजा दोरीनं बांधलाय अशी अवस्था. मागच्या महिन्यात भंगारवाल्याकडून अख्खा दरवाजा आणला, रंग वेगळा आहे, आता गाडी लांबून ओळखू येते.

मोंढा_नाका

गाडी घेताना आपण काय बघतो? सनरूफ. मराठवाड्यात. मे महिन्यात. डोक्यावर काच.

गोदाकाठ

+१००

अंबाजोगाईची_लेक

माझ्या गाडीला आहे सनरूफ. पोरांसाठी. बोलू नका.

शेंद्रा_बी_शिफ्ट

सुट्या भागांचं निघालंय तर, हा विषय कोर्टकचेऱ्यांपर्यंत जाऊन आलेला आहे. ऑगस्ट २०१४ ला स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड लावला होता, कारण काय तर ओरिजिनल पार्ट आणि दुरुस्तीची माहिती, टूल बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत म्हणून. पुढं अपिलं झाली, लांबलं. डिसेंबर २०२२ ला ग्राहक व्यवहार खात्यानं राइट टू रिपेअरचं पोर्टलपण काढलं, त्यात मोटारी आहेत.

लेथवाला

पोर्टल बघितलंय साहेब. पण माझ्याकडं संध्याकाळी पाच वाजता गाडी येते तेव्हा मला पोर्टल नको, पासवर्ड पाहिजे. माझ्याकडं तीन स्कॅनर आहेत, एक ४५ हजाराचा. दोष कुठला ते तिन्ही सांगतात. पण नवीन पार्ट बसवल्यावर तो गाडीला 'ओळख' करून द्यायचं काम काही गाड्यांत कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय होत नाही. म्हणजे मिस्त्री मी, हात माझे, सामान गिऱ्हाइकाचं आणि परवानगी तिसऱ्याची. एका गाडीला दुसरी चावी करायला माणूस परभणीहून संभाजीनगरला गेला, गाडी टोइंग करून.

म्हणून मी घ्यायला निघालेल्याला एकच विचारतो. या गाडीचं काम करणारा, कंपनीचा असो का बाहेरचा, तुमच्या घरापासून किती किलोमीटरवर आहे? पुण्यात राहणाऱ्यानं ड्युअल क्लच (दोन क्लचची ऑटोमॅटिक) घ्यावी, खुशाल, तिथं चार कोसांत चार सर्व्हिस सेंटर. सेलूत राहणाऱ्यानं तीच घेतली आणि गिअरबॉक्सचं मॉड्युल गेलं तर टो करायलाच आठ-दहा हजार जातात आणि मग गाडी तिकडं तीन आठवडे. ऑटोमॅटिकच पाहिजे असली तर एएमटी घ्या, झटके मारते पण आत साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स आहे, क्लच माझ्याकडं बदलतो. नाहीतर टॉर्क कन्व्हर्टर, महाग असतो पण ऑइल बदलत राहिलं की दमदार. टर्बो पेट्रोल वाईट नाही, पण तिला ऑइल वेळेवर आणि सांगितलेलंच लागतं, आणि लांबून पळवत आणल्यावर मिनिटभर उभी ठेवून मग बंद करायची. हे जमणार असेल तर घ्या. नसेल तर बिनटर्बोची साधी पेट्रोल, शहाण्यासारखी.

चार्जिंग_पॉइंट

इलेक्ट्रिकवर कुणीच बोललं नाही. ऑइल नाही, क्लच नाही, इंजेक्टर नाही, डीपीएफ नाही. बॅटरीला बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १.६ लाख किमीची वॉरंटी देतात. मी जालन्यात दोन वर्षं चालवतोय, आतापर्यंत खर्च टायर आणि वॉशरचं पाणी.

लेथवाला

चांगली आहे, ज्याच्या घरी चार्जिंग आहे त्यानं घ्यावी. पण नारंगी वायरीला (बॅटरीच्या जास्त व्होल्टच्या) मी हात लावत नाही आणि पोरांनापण लावू देत नाही. शिकून घेतल्यावर बघू. सध्या तिचं गॅरेज म्हणजे कंपनीच.

काळीपिवळी

अवांतर: गाडीच्या वायरी उंदीर कुरतडायलेत, शेतात उभी असते. कायतरी उपाय सांगा.

सीनाकाठ

बोनेटमध्ये तंबाखूची पुडी बांधून ठेवा. आमच्याकडं सगळे करतात.

सेलूकर

धागा वर काढतो. तीन आठवडे झाले, अपडेट देणं कर्तव्य आहे.

लेथवाल्यांना व्यक्तिगत निरोप टाकला, गाडी परभणीला त्यांच्याकडं नेली. माझ्यासमोर चार बाटल्या लावल्या. दोन नंबरची आणि चार नंबरची बाटली बाकीच्या दोघींपेक्षा तिप्पट भरली, मी फोटो काढलाय पण इथं डकवता येईना. ते दोन इंजेक्टर नांदेडला पंपवाल्याकडून बेंचवर करून आणले, बसवल्यावर त्यांचे नंबर स्कॅनरनं ईसीयूत टाकले. इंटरकूलरचा पाइप खालच्या बाजूनं बोटभर फाटलेला निघाला. टर्बोचा शाफ्ट मी स्वतः बोटानं हलवून बघितला, ढिला नव्हताच. क्लच मात्र खरंच संपला होता, तेवढं सर्व्हिस सेंटरचं बरोबर होतं.

हिशोब, गोदाकाठ साहेबांसाठी: इंजेक्टर दोन १५,०००, पाइप २,४००, ईजीआर साफ १,२००, क्लच मजुरीसकट १३,०००, माउंटिंग २,९००. एकूण ३४,५००. परवा जालन्याला जाऊन आलो, अ‍ॅव्हरेज २०.४, मंठ्याला मुद्दाम चहाला थांबलो, एका सेल्फला सुरू.

ताईंचं बोलणं मात्र डोक्यातून गेलं नाही. पोरगी यंदा शेवटच्या वर्षाला आहे, तिला नोकरी लागली की तिच्यासाठी सहा एअरबॅगवाली साधी पेट्रोल बघायची ठरवलंय, बिनटर्बो, मॅन्युअल. चिरंजीव नाराज आहेत. सनरूफ नाही म्हणून.

अंबाजोगाईची_लेक

छान झालं सर. पोरीला चाक बदलायलापण शिकवा, सव्वा तास वाचतो.

लेथवाला

सर, एक राहिलं सांगायचं. बोनेटमध्ये तुम्ही तंबाखूची पुडी बांधली होती ना, ती दोरी सैल होऊन फॅनच्या पात्यापाशी लोंबत होती, मी काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलीय. पुडीचा एक कोपरा कुरतडलेला आहे.